विशेषनाम आणि त्याचा उच्चार

विशेषनाम केवळ निर्देश करते, गुणधर्म सुचवीत नाही, हे मिलचे मत तर्कशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून आपल्याकडे इतके रुजले आहे की, नावाविषयी नैतिक प्रश्न उपस्थित होऊ शकतो हेच अनेकांना चमत्कारिक वाटते. पतंजलीने ‘यदृच्छाशब्दां’च्या चर्चेत हा प्रश्न फार पूर्वी हाताळला होता. डित्थ, डवित्थ ही अशा शब्दांची परंपरागत उदाहरणे: अर्थाच्या शोधात जाऊ नये, हाक मारावी आणि मोकळे व्हावे, अशी. परंतु त्याच महाभाष्याच्या पस्पशाह्निकात याज्ञिकांचे एक वचन येते. मुलाचे नाव दहाव्या दिवसानंतर ठेवावे, ते पित्याच्या तीन पूर्वजांना अनुसरणारे असावे आणि शत्रूंमध्ये रूढ नसावे, असा त्याचा आशय आहे. असे नाव यदृच्छेने पडत नाही. त्यात वंश आहे, सीमारेषा आहे आणि त्या रेषेबाहेर ठेवायची माणसेही आहेत.

मराठी सरदार-संस्थानिक घराण्यांनी हे वचन वाचले असो वा नसो, त्यांची नावे त्याच न्यायाने चालत आली. ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडे जयाजीराव, माधवराव, जिवाजीराव, पुन्हा माधवराव, मग ज्योतिरादित्य असा ‘ज’ आणि ‘म’ यांचा फेरा दिसतो. येथे नाव व्यक्तीचे नसते, गादीचे असते; व्यक्ती ते काही काळ धारण करते. नाशिककडच्या कवळाण्याचा गोपाळ १८७५ साली बडोद्याला दत्तक गेला आणि सयाजीराव झाला. कागलच्या घाटग्यांचा यशवंत १८८४ मध्ये कोल्हापूरला जाऊन शाहू झाला. स्त्रियांच्या बाबतीत तर ही गोष्ट अंगावर येते. सयाजीरावांच्या पहिल्या पत्नी तंजावरच्या लक्ष्मीबाई. विवाहानंतर त्या चिमणाबाई झाल्या. १८८५ मध्ये त्या वारल्या आणि त्याच वर्षी आलेल्या देवासच्या गजराबाईही चिमणाबाईच झाल्या. इतिहासकारांना आता त्यांना पहिल्या आणि दुसऱ्या असे क्रमांक द्यावे लागतात. उच्चकुलीन नावाचा हेवा करणाऱ्याने हे क्रमांक ध्यानात ठेवावेत.

असे असूनही या घराण्यांना एक स्वातंत्र्य होते, आणि आपल्या प्रश्नाची खरी गाठ तेथेच आहे. ती कोठूनही नाव घेऊ शकत. आमच्या शहरापासून जवळच असलेल्या वेरूळच्या मालोजी भोसल्यांनी अहमदनगरच्या शाह शरीफ या पीराच्या नावावरून मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, असे परंपरा सांगते. १९१६ साली जन्मलेल्या जिवाजीराव शिंद्यांच्या नावामागे ‘जॉर्ज’ लागले ते सम्राट पंचम जॉर्ज यांच्यावरून. पीराचे नाव घेऊन वा बादशहाचे घेऊन कुळाचे तेज उणावले नाही. उलट दिशेने मात्र ही वाट बंद होती. गावकुसाबाहेरच्या बापाने मुलाला ‘राव’ म्हणवले, तर तो उद्धटपणा ठरे.

नामकरणातील विषमतेचा विषय निघाला की आपण मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायाकडे वळतो, आणि ते योग्यच आहे. ब्राह्मणाचे नाव मंगलवाचक, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे जुगुप्सित असावे, हा तेथील श्लोक प्रसिद्ध आहे. त्याच्या पुढच्या श्लोकाकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. त्यात उत्तरपदांचा विचार आहे: शर्म, रक्षा, पुष्टी आणि शेवटी प्रेष्य, म्हणजे चाकरी. नुसत्या नावाने काम भागत नाही, त्याचे शेपूटही बांधावे लागते, हे स्मृतिकाराला नीट कळले होते.

मराठीतील पुरावा पाहता हे शेपूटच अधिक निर्णायक ठरले, असे मला वाटते. ‘धोंडू’ हे नाव घ्या. मुले जगत नसली की दृष्ट लागू नये म्हणून धोंडू, दगडू, कचरू अशी नावे ठेवण्याची रीत सर्व जातींत होती. ज्याला आपण जुगुप्सित म्हणतो त्यामागे पुष्कळदा आईची भीती असे. १८५७ च्या उठावातील नानासाहेब पेशव्यांचे नाव धोंडोपंत, आणि महर्षी कर्वे धोंडो केशव. तेच नाव महारवाड्यात ‘धोंड्या’ होते. शब्द एकच आहे. बदलतो तो प्रत्यय, आणि प्रत्यय ठरवतो तो हाक मारणारा. मालोजी हे नाव वेरूळच्या जहागीरदाराचे होते आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या सैन्यात नोकरी केलेल्या आजोबांचेही. शाळेच्या नोंदवहीत त्यांच्या नातवाचे नाव ‘भिवा’ असे चढले. ‘भिवा’पासून ‘भीमराव’ आणि पुढे ‘बाबासाहेब’ हा प्रवास नावांचा नाही, संबोधनांचा आहे.

प्रतिष्ठित घरांत बाळासाहेब, दादासाहेब, भाऊसाहेब अशी दुसरी नावे का लागतात, याचेही उत्तर येथे मिळते. खरे नाव परक्याच्या जिभेपासून दूर राहावे अशी ती व्यवस्था असते. थोराचे नाव राखलेले असते, लहानाचे नाव कोणाच्याही तोंडी पडलेले असते. घराण्याने स्वतःसाठी वेगळे नाव ठेवले म्हणून कोणावर अन्याय होत नाही. अन्याय होतो तो दुसऱ्याच्या नावाचा उच्चार आपल्या ताब्यात ठेवल्याने. नामकरणाची नीती बारशापाशी संपते असे मानणाऱ्यांना हे पटणार नाही, पण बारसे एकदाच होते, हाक रोज मारली जाते.

‘बलुतं’ची (१९७८) रचना या दृष्टीने पुन्हा पाहावी. तेथे दगडू मारुती पवार दया पवारांशी बोलतो. एकाच माणसाची दोन नावे समोरासमोर बसविणे ही निवेदनाची सोयीस्कर युक्ती नव्हे. गावाच्या तोंडी असलेले नाव आणि स्वतः निवडलेले नाव यांच्यामधले अंतर हाच त्या आत्मकथनाचा विषय आहे. तंत्राच्या अंगाने या कृतीची चर्चा करणाऱ्या आपल्या समीक्षेला हे दिसायला हवे होते.

१९५६ च्या धर्मांतरानंतर सिद्धार्थ, राहुल, मिलिंद, सुजाता, यशोधरा ही नावे घरोघर आली. त्यांत वेगळेपणाची हौस नव्हती. ज्याला ‘-या’ लावून मोडता येणार नाही, असा उच्चार मिळविण्याचा हेतू होता. याच काळात यांतील बरीच नावे सवर्ण घरांतही लोकप्रिय होती, त्यामुळे हजेरीपटावरच्या ‘राहुल’वरून काही कळेनासे झाले. नावावरून माणसे मारली जाऊ शकतात हे मराठवाड्याने १९७८ मध्ये विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतर पाहिले आहे. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. तो इतिहास ज्या शहरात घडला तेथे ‘नावात काय आहे’ हा प्रश्न कोणी हलकेपणाने विचारू नये.

अलीकडे सुखवस्तू घरांनी ‘राव’ टाकून दिले आहे. कोणी ऐकले नसेल असे, शक्यतो दोन अक्षरांचे आणि परदेशातही उच्चारता येईल असे नाव शोधले जाते. अर्थ विचारला तर आई-वडील संगणकात पाहून सांगतात. डित्थ-डवित्थ परत आले, असे म्हणायला हरकत नाही. परंतु हे नाव कानावर पडताच समोरचा माणूस थोडा थांबतो आणि विचारतो, ‘आणि आडनाव?’