त्र्याऐंशी पट जवळ

गेला महिनाभर आमच्या घरात दोन कॅमेरे नांदताहेत. एक माझा. तो शर्टाच्या खिशात मावतो आणि तिथं बॉलपेन, एसटीचं तिकीट आणि दाढदुखीची गोळी यांच्याशी गुण्यागोविंदानं राहतो. दुसरा साडूभाऊंचा. तो माझ्या खिशात कुठल्याच अर्थानं मावत नाही. तरी "बघा वापरून, पटला तर ठेवा, पैसे काय, सावकाश द्या," असं म्हणून साडूभाऊ तो आमच्याकडं टाकून पुण्याला गेले. बँकेत वीस वर्षं काढल्यामुळं 'सावकाश द्या'चा अर्थ मला कळतो. पहिला हप्ता पुढच्या महिन्यात.

साडूभाऊ पक्षिमित्र आहेत. दर हिवाळ्यात ते हतनूर धरणाच्या फुगवट्यावर पक्षी बघायला येतात आणि मुक्काम आमच्याकडं करतात. आम्ही मुक्ताईनगरची माणसं हतनूर म्हटलं की पावसाळ्यात एक्केचाळीसपैकी किती दरवाजे उघडले, एवढंच विचारतो. हिवाळ्यात तिथं चक्रवाक उतरतात, हे आम्हांला पुण्याहून येऊन सांगावं लागतं.

"आहे त्या कॅमेऱ्यात काय वाईट आहे?" सौभाग्यवतींनी विचारलं. "शिवाय मोबाइल आहेच की."

प्रश्न रास्त होता. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. दोन वस्तूंतून एक निवडायची म्हटली की कागदाच्या मधोमध उभी रेघ मारल्याशिवाय मला सुचत नाही. डाव्या बाजूला माझा खिशातला : २००९ साली चिरंजीवांच्या बारशाला घेतलेला, वजन सव्वाशे ग्रॅम, झूम तीन पट. उजव्या बाजूला साडूभाऊंचा : निकॉनचा पी-९००, २०१५ साली निघालेला, वजन नऊशे ग्रॅम, झूम त्र्याऐंशी पट. याच कुळातला पुढचा, २०१८ सालचा, एकशेपंचवीस पटींचा आहे आणि भरतो चौदाशे ग्रॅम. म्हणजे भरताचं एक बऱ्यापैकी वांगं गळ्यात अडकवून हिंडायचं. या जातीला ब्रिज कॅमेरा म्हणतात. ब्रिज म्हणजे पूल. खिशातला कॅमेरा आणि भिंगं बदलायचा मोठा कॅमेरा यांच्यामधला. पुलाचं एक असतं, त्याच्यावरून सगळे जातात, राहत कुणी नाही.

खरी गंमत पुढं आहे. दोघांचा ताळेबंद उघडून बघितला तर पोटातला मुख्य जिन्नस, ज्याच्यावर उजेड पडून चित्र उमटतं तो सेन्सर, दोघांचा सारखाच निघाला. सव्वासहा मिलिमीटर बाय साडेचार, म्हणजे करंगळीच्या नखाएवढा. जुन्या रिळातल्या छत्तीस बाय चोवीसच्या चौकटीचा तिसावा हिस्सा! बाहेरून एक शिपाई आणि एक रीजनल मॅनेजर, पण आतलं भांडवल एकच. उजव्या बाजूचं ते 'दोन हजार मिलिमीटरचं भिंग' हेसुद्धा आमच्या भाषेत दर्शनी मूल्य. भिंगाची खरी लांबी तीनशे सत्तावन्न मिलिमीटर आहे. चौकट इवलीशी असल्यामुळं तिच्यात एवढासा तुकडाच मावतो, आणि तो रिळाच्या हिशेबानं दोन हजारांतून बघितल्यासारखा दिसतो. म्हणजे या कॅमेऱ्याला लांबचं जवळ दिसतं ते आजूबाजूचं बाकी सगळं वगळल्यामुळं. माझ्या ओळखीची काही माणसंही अशीच दूरदृष्टीची आहेत.

हे सगळं मी सौभाग्यवतींना समजावून सांगितलं. त्यांनी कुकरची तिसरी शिट्टी ऐकली आणि गॅस बंद केला.

पहिल्या दिवशी मी कॅमेरा गच्चीवर नेला. चंद्राचे खड्डे मोजले. चिरंजीव खूष. दुसऱ्या दिवशी उजेडी नेला. चार गल्ल्या पलीकडं वाळत घातलेल्या पापडांवरचे जिरे दिसले. सौभाग्यवतींनीही एकदा डोळा लावला, बराच वेळ लावला, आणि मग "शेजारणीनं नवीन मिक्सर घेतलाय," अशी बातमी खाली आणली. तिसऱ्या दिवशी समोरच्या दोन घरांच्या खिडक्यांना पडदे आले. वीस वर्षं त्या खिडक्या उघड्या होत्या आणि आम्ही त्यांच्याकडं बघतच होतो, पण नुसत्या डोळ्यांनी. नुसत्या डोळ्यांनी बघणं याला शेजार म्हणतात.

इथपर्यंत मी हसत होतो. दुसऱ्या शनिवारी बँकेला सुटी होती, म्हणून कॅमेरा घेऊन चांगदेवला गेलो. तिथं पूर्णा तापीला मिळते आणि धरणामुळं पाणी चांगलं ऐसपैस पसरलेलं असतं. काठानं बरंच पुढं जाऊन एका बाभळीला टेकून मी उभा राहिलो. त्र्याऐंशी पट झूमला टेकू लागतोच. श्वास सोडला तरी पक्षी चौकटीबाहेर जातो. सकाळची वेळ होती. आमच्याकडं ऊन चढलं की पाण्यावरची हवा अशी लवलवायला लागते की बगळासुद्धा उकळतोय असं वाटतं. चक्रवाक काही सापडले नाहीत. कॅमेरा फिरवता फिरवता संगमाच्या पायऱ्यांवर आला आणि चौकटीत आमचे अण्णा आले.

अण्णा दर शनिवारी चांगदेवला दर्शनाला जातात, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. शेजारी नाना बसले होते, हे कुणालाच ठाऊक नाही.

नाना म्हणजे माझे सख्खे काका. २०१२ साली विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघा भावांचं बिनसलं. केळीच्या बागेला एक पाळी चुकली की काय होतं, ते केळीवाल्यालाच कळतं. पाळीवरून गोष्ट मोटारीवर गेली, मोटारीवरून बांधावर, बांधावरून आजोबांच्या मृत्युपत्रावर. तेव्हापासून बोलणं बंद. पुढं दोन वर्षांनी नानांच्या मुलाचं लग्न निघालं. पत्रिका आली, पण पाकिटावर नावच नव्हतं. 'ती. अण्णा' लिहावं तर माघार, नुसतं नाव लिहावं तर अपमान. म्हणून कोरंच पाठवलं. आमच्या भागाला हे नवीन नाही. चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला घेतलं तेव्हा, वयानं लहान म्हणून चिरंजीव लिहावं की ज्ञानानं थोर म्हणून तीर्थरूप, याच घोळात कागद कोरा गेला अशी कथा आहे. चौदाशे वर्षं जगून हा कोराच राहिला, असं तेव्हा मुक्ताबाई म्हणाल्या, आणि ज्ञानेश्वरांनी उत्तरादाखल पासष्ट ओव्या धाडल्या. आमच्याकडून काहीच गेलं नाही. लग्नाला कुणीच गेलं नाही.

मीही गेलो नाही. हा चुलतभाऊ माझ्याच वर्गात, माझ्याच बाकावर होता. आमची पहिली सायकल सामाईक होती. पण वडिलांचं भांडण ते माझं भांडण, एवढी निष्ठा मुलानं पाळायला नको? मी पाळली, आणि मस्टरवर सही करावी तितक्या नेमानं पाळली. दोन वर्षांपूर्वी तो आमच्या काउंटरवर खात्याचे कागद नवे करायला आला, तेव्हा मान वर न करता मी त्याला विचारलं, "ओळखीचा पुरावा आणलाय?" त्यानं आधार कार्ड ठेवलं. मी फोटो ताडून बघितला. त्याच्या भुवईवरचा व्रण माझ्याच बॅटनं झालेला होता.

आणि इकडं हे दोघं! चौकटीत मला दिसत होतं ते असं : मध्ये कागदावर शेव-मुरमुरे. नाना वर्तमानपत्र वाचताहेत, अण्णांचा चष्मा लावून. मग चष्मा काढून अण्णांना दिला, अण्णांनी पुढचा रकाना वाचला. दोघांत एक चष्मा, एक पेपर. मध्येच नाना काहीतरी बोलले आणि अण्णा हसले. असे हसले की पुढचा पडलेला दात दिसला. आई गेल्यानंतर तो दात मी बघितलेला नव्हता. माझं बोट आपोआप दाबलं गेलं.

घरी येऊन फोटो बघितला. इतका चांगला फोटो मी जन्मात काढलेला नाही. आणि मला राग आला. खातं केव्हाच बंद झालं होतं, नोंद तेवढी माझ्यापर्यंत आली नव्हती, आणि मी आपला वर्षानुवर्षं इमानदारीनं व्याज लावत बसलो होतो! वाटलं, फोटो अण्णांच्या पुढ्यात ठेवावा आणि विचारावं, "हे काय?" जेवताना दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा "मीठ द्या" एवढंच बाहेर आलं. कारण अण्णांनी उलट विचारलं असतं, "तू कुठं होतास?" तर काय सांगणार? बाभळीमागं?

मी स्वतःशी बराच वाद घातला. चक्रवाकाला विचारून कोण फोटो काढतं? कुणी नाही. मग बापाला विचारायचं काय अडलंय? पण चक्रवाक घरी येऊन आपल्याशी खोटं बोललेला नसतो. बापाला खोटं बोलायचा हक्क आहे का, आणि मुलाला ते त्र्याऐंशी पटींनी पकडायचा हक्क आहे का? नुसत्या डोळ्यांनी त्या बाभळीपासून मला दोन पांढरे ठिपके दिसले असते. त्या दोघांनी आपलं गुपित ठेवलं होतं ते या अंतराच्या भरवशावर. ते अंतर मी चोरलं. आणि जवळ गेलो म्हणावं, तर एक पाऊलही हललो नव्हतो.

दुसरी बाजूही सांगायला हवी. अण्णांकडं पूर्वी अॅग्फाचा क्लिक थ्री होता. एका रोलमध्ये बाराच फोटो, त्यामुळं प्रत्येक फोटोला आमचं अख्खं घर कोर्टात उभं राहिल्यासारखं उभं. आजही कुणी समोरून कॅमेरा धरला की अण्णा टोपी नीट करतात, गळ्याचं बटण लावतात आणि चेहरा आत ठेवून देतात. बँकेत आम्ही नमुना सही घेतो, तेव्हा माणूस इतक्या काळजीनं सही करतो की पुढं त्याची खरी सही तिच्याशी कधीच जुळत नाही, आणि आम्ही चेक परत पाठवतो. त्यातली खोटी कुठली? विचारून काढलेला फोटो ही नमुना सही. न विचारता काढलेला फोटो खरा, पण त्याच्यावर पैसे देता येत नाहीत.

चौथ्या शनिवारी पुन्हा सुटी होती. मोठा कॅमेरा फडताळात ठेवला आणि खिशातला घेऊन निघालो. तीन पट झूमचं काम सोपं असतं, आपल्यालाच चालत जावं लागतं. संगमाच्या त्या पायऱ्या उतरताना माझे पाय बारावीच्या निकालाला कापले होते तसे कापत होते. नानांनी आधी बघितलं. त्यांचा हात मुरमुऱ्यांच्या कागदावर गेला आणि त्यांनी तो मुठीत चुरगळला, पत्ते खेळताना सापडल्यासारखा. अण्णा नदीकडं बघत म्हणाले, "काबरं रे, आज बँक बंद हाये का?"

"चौथा शनिवार," मी म्हणालो. मग कुणीच काही बोललं नाही. तापी वाहत होती, पूर्णाही वाहत होती. शेवटी मी खिशातून कॅमेरा काढला. "फोटो काढू का?"

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. अण्णांनी बटण लावलं. नानांनी टोपी घातली. दोघं जरा सरकले, म्हणजे एकमेकांपासून लांब. मधे एक माणूस बसेल एवढी जागा झाली. मी म्हटलं, "हसा." कुणी हसलं नाही. बॅटरी संपत आलेली, म्हणून एकच निघाला. त्या फोटोत दोन म्हातारे असे बसले आहेत की मधून बांध गेलाय असं वाटावं. हाच फोटो २०१२ साली काढला असता तर पुराव्यादाखल चालला असता.

अण्णा म्हणाले, "घरी कोनाले सांगू नको."

नाना उठले, कपडे झटकले, आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "मले बी एक कॉपी देजो. अन् घरी आणून देजो."

साडूभाऊंना कळवलं की कॅमेरा उत्तम आहे, पण परत न्या. त्यांनी कारण विचारलं, मी वजन सांगितलं. त्याच्या कार्डात तो पहिला फोटो अजून आहे. पुसायचं बटण मी दोनदा दाबलं. कॅमेरा दर वेळी विचारतो, नक्की का? एवढी साधी चौकशी फोटो काढताना त्यानं केली नव्हती. कार्ड परत देण्याआधी काय ते ठरवायला हवं.

खिशातल्या कॅमेऱ्यातल्या फोटोच्या मात्र दोन प्रती स्टुडिओतून काढून आणल्या. एक अण्णांनी उशीखाली ठेवली. दुसरी पाकिटात घातली आहे. नानांच्या घरी जायचं म्हणजे दार चुलतभाऊ उघडणार. पाकिटावर 'ती. नाना' लिहावं, की फोटो त्याच्या हातात द्यायचा म्हणून त्याचं नाव लिहावं, आणि लिहिलं तर आडनावासकट लिहावं की शाळेत म्हणायचो तसं, हे चार दिवस ठरत नाही. पाकीट शर्टाच्या खिशात आहे, कोरं.