गेरूची रेघ

लालबागच्या चाळीतली दहा बाय बाराची खोली सोडायची, तर सुधीरला परवडणारं घर बदलापूरच्या अलीकडे मिळेना. पश्चिमेला, उल्हास नदीच्या बाजूचं एक बैठं घर मात्र मनात भरलं. पुढे ओटा, मागे आंबा, भिंतींना ताजा पिस्ता रंग.

एजंटाची टकळी सुरू होती. स्टेशन दहा मिनिटं, शाळा पाच मिनिटं, बाजार हाकेच्या अंतरावर, नाक्यावर शेअर रिक्षा, आणि नदी तर खिडकीतूनच दिसते. एजंटांची मिनिटं कोणत्या घड्याळात मोजतात, देव जाणे! तिथून सीएसएमटी ६८ किलोमीटर, हे तो ओघात विसरला.

सोबत आलेल्या आत्याने ना स्वयंपाकघरातलं ग्रॅनाइट पाहिलं, ना बाथरूमच्या टाइल्स. शेजारच्या ओट्यावर एक आजी वाल सोलत होत्या, त्यांच्यापाशी ती जाऊन टेकली. मूठभर वाल सोलून झाल्यावर म्हणाली, "सव्वीस जुलैला पाणी कुठवर होतं हो?"

आजी उठल्या. त्यांच्या भिंतीवर छातीच्या उंचीला गेरूची आडवी रेघ होती, शेजारी '२००५'. "हे इथवर. तुम्ही बघताय त्या घरातही इथवरच. इथे पाऊस नसला तरी तिकडे खंडाळा-कर्जतला कोसळला की नदी चढते."

आतून मुलगा करवादला, "आई, आपल्याच घराचा भाव पाडतेस!"

"पुराच्या रात्री हाकेला भाव धावत नाही रे, शेजारी धावतो. फसवून आणलेला कशाला ओ देईल?"

सुधीरने घर घेतलं, पण भाव चांगलाच खाली उतरवून. वाचलेल्या पैशात विजेचा मीटर रेघेच्या वर नेला, पक्का माळा काढला, कागदपत्रांची पेटी तिथे चढवली. २०१९च्या जुलैत वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली, त्याच रात्री नदी गल्लीत शिरली. फ्रिज तरंगत दाराशी आला. माळ्यावर दोन्ही घरची माणसं दाटीवाटीने बसली होती. आजींनी येताना शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा तेवढा आणला होता. पाणी ओसरल्यावर सुधीरने आपल्याही ओट्यावर रेघ ओढली.

पुढे मुलीच्या कॉलेजसाठी ठाण्याला जायचं ठरलं. तोवर आजी गेल्या होत्या आणि त्यांच्या मुलाने भिंत रंगवून टाकली होती. नव्या एजंटाने सुधीरलाही तेच सुचवलं, "रंग काढा साहेब, दोन लाख सहज वाढतील." दोन लाख म्हणजे कॉलेजची फी. रात्रभर त्याने हिशेब मांडले, मोडले. आता खरं सांगणारं गल्लीत कोणी उरलं नव्हतं, हेही त्या हिशेबात होतंच.

रंगारी खोल्या आटोपून ओट्यावर आला. "साहेब, हिच्यावर हात मारू?"

सुधीर जरा वेळ गप्प राहिला. "तेवढी सोड."

रविवारी एक जोडपं घर बघायला आलं. बाई रेघेशी थबकली. सुधीरने दोन्ही पुरांचं सांगितलं, काही हातचं न राखता. नवरा चपला घालू लागला. एजंटाने कपाळाला हात लावला.

बाई मात्र जागची हलली नाही. तिने मान वर करून विचारलं, "मीटर किती उंचीवर बसवलाय, काका?"