धोतरा: पिंडीवरचा आणि सुईतला

धोतरा कुणी हौसेनं लावत नाही. उकिरड्यावर, बांधावर तो आपसूक उगवतो आणि जनावरंही त्याला सहसा तोंड लावत नाहीत. महाशिवरात्रीला मात्र त्याचीच काटेरी बोंडं शोधावी लागतात. तेरखेड्यातला देव्हारा असो की येडशीजवळचं रामलिंग, महादेवाला धोतरा लागतोच.

विषारी फळ देवाला का, असं विचारलं की हलाहलाची गोष्ट सांगितली जाते. त्यात औषध पेशीवर जिथं जाऊन बसतं त्या रिसेप्टरचं ज्ञान दडलंय वगैरे म्हणणं हा अडाणी अभिमान झाला. पण त्या गोष्टीतला पेच खरा आहे: शंकरानं विष पचवलं नाही, थुंकलंही नाही, कंठात अडवलं.

दवाखान्यातही जवळपास तेच घडतं. सोयाबीनवर फवारायचं ऑर्गनोफॉस्फेट औषध अंगात भिनलं, की नसांचा निरोप पोहोचवणारं ॲसिटिलकोलीन मोडणारं एन्झाइम बंद पडतं आणि ॲसिटिलकोलीन साचत जातं. लाळ, घाम, डोळ्यांतून पाणी; बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, छाती पाण्यानं भरते. यावर उतारा ॲट्रोपिनचा, आणि धोतऱ्यातही तेच असतं. ते कीटकनाशकाला हात लावत नाही. ॲसिटिलकोलीनची जागा अडवून नुसतं बसून राहतं.

किती द्यायचं? एका अँप्युलमध्ये बहुधा 0.6 मिलिग्रॅम, मोठ्या माणसाला पहिलाच डोस 1 ते 3 मिलिग्रॅम. दर पाच मिनिटांनी छातीला स्टेथोस्कोप लावायचा, नाडी मोजायची, काखेत हात घालून घाम बघायचा. छाती वाजत असेल तर डोस दुप्पट. छाती मोकळी, नाडी 80 च्या वर, काख कोरडी झाली की हात आवरायचा. नाही आवरला तर अंग तापतं, लघवी तुंबते, पेशंट बरळत हवेतलं काहीतरी वेचू लागतो. म्हणजे आता धोतरा चढला.

युक्तीनं वापरलं तर तीव्र विषही औषध होतं आणि अयुक्तीनं औषधही विष, असं चरकसंहिता सांगते. मग गुण वस्तूत की वापरणाऱ्याच्या युक्तीत? तेरखेडा हे फटाक्यांचं गाव. शोभेची दारू हाताळणाऱ्यांना हा प्रश्न पुस्तकी वाटायचा नाही.

पण युक्तीचीही धाव कुठवर? स्नायूंच्या दाराशी ॲट्रोपिनचं काही चालत नाही. म्हणून छाती कोरडी झाल्यावरही तीन-चार दिवस डॉक्टर पेशंटला पुन्हापुन्हा उशीवरून मान उचलायला सांगतात. ती उचलेनाशी झाली, की श्वासाचे स्नायूही थकत चालल्याची शंका येते आणि व्हेंटिलेटरची तयारी सुरू होते.