मधली जागा रिकामी नसते

बी.एस्सी.ला विद्युत आणि चुंबकत्वाचा पेपर आला की अनेक हुशार मुले अडखळतात. यांत्रिकीत त्यांना उत्तम गुण पडलेले असतात. मग दोष गणितावर जातो: सदिशांची सवय नाही, कर्ल आणि डायव्हर्जन्स डोक्यात शिरत नाहीत, गाउसच्या नियमातले संकलन जमत नाही. मला हे निदान अपुरे वाटते. गणित सरावाने येते. यांत्रिकीत ज्याच्याविषयी बोलायचे ती वस्तू समोर असते, उतारावरून घरंगळणारा गोळा किंवा दोरीला टांगलेले वजन. इथे पहिल्याच आठवड्यात दोन प्रभारांच्या मधल्या रिकाम्या जागेविषयी बोलावे लागते, आणि त्या जागेत खरोखर काही आहे की नाही, हे कोणी स्पष्ट सांगत नाही.

विद्युतक्षेत्र म्हणजे एकक प्रभारावरचे बल, अशी व्याख्या फळ्यावर येते. एखादी मुलगी विचारते: कूलोमच्या नियमाने बल थेट काढता येते, तर मध्ये हे क्षेत्र कशाला? प्रश्न अगदी योग्य आहे. त्याला बहुधा मिळणारे उत्तर असते, ‘सोयीसाठी’. प्रभार स्थिर आहेत तोवर हे उत्तर चूकही नाही. पण सोय म्हणून पत्करलेली गोष्ट वर्षभर सोयच राहते. अखेरीस मॅक्सवेल येतो आणि प्रकाश म्हणजे या क्षेत्रांच्याच लाटा असे सांगतो, तेव्हा निव्वळ हिशेबाच्या सोयीत लाटा कशा उठतील, हे मुलांना कळेनासे होते. मग डेरिव्हेशन पाठ केले जाते.

हाच प्रश्न पहिल्या तासाला वेगळ्या रीतीने मांडता येतो. एक प्रभार इथे आहे, दुसरा चंद्रावर आहे, असे समजू. इथला प्रभार झटक्यात हलवला तर चंद्रावरच्या प्रभाराला त्याचा परिणाम कधी जाणवेल? कूलोमने 1785 मध्ये मांडलेल्या नियमात काळ येतच नाही. तो मानला तर परिणाम त्याच क्षणी व्हायला हवा. प्रत्यक्षात सुमारे 1.3 सेकंद लागतात. या 1.3 सेकंदांकडे नीट पाहावे. प्रभार हलवताना आपण खर्च केलेल्या ऊर्जेतली काही ऊर्जा इथून निघाली आहे आणि तिथे अजून पोचलेली नाही. संवेगाचेही तसेच. यांत्रिकीत आपण ऊर्जेची आणि संवेगाची अक्षय्यता शिकलो. ती या काळात लागू नाही असे म्हणायचे, की ती ऊर्जा मधल्या जागेत आहे असे म्हणायचे? दुसरे म्हटले की क्षेत्र ही वस्तू होते. तिला ऊर्जा आहे, संवेग आहे, आणि एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जायला तिला वेळ लागतो.

ही कल्पना ज्याच्याकडून आली त्या मायकेल फॅरडेला गणित जवळजवळ येत नव्हते. लोहाराचा मुलगा, लंडनमध्ये पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेला. चुंबकाभोवती लोखंडाचा कीस ज्या वळणांनी मांडला जातो, त्या वळणांत, म्हणजे बलरेषांत, त्याला मधल्या जागेची अवस्था दिसली. 29 ऑगस्ट 1831 रोजी त्याने लोखंडी कड्यावर तारेची दोन वेटोळी गुंडाळून प्रयोग केला. एका वेटोळ्यात बॅटरी जोडली तेव्हा दुसऱ्याजवळची सुई हलली आणि पुन्हा जागेवर आली. बॅटरी तोडली तेव्हा उलट दिशेने हलली. प्रवाह नुसता वाहत असताना मात्र काहीच नाही. त्याच्या सहा वर्षे आधी जिनिव्हात डॅनिएल कोलादोंने वेटोळ्यात जोरदार चुंबक सरकवून पाहिला होता. चुंबकाचा थेट परिणाम सुईवर होऊ नये म्हणून त्याने गॅल्व्हानोमीटर दुसऱ्या खोलीत ठेवला. चालत तिथे पोचेपर्यंत सुई शून्यावर आलेली असे. त्याची काळजी रास्त होती, पण परिणाम टिकाऊ असेल हे गृहीतक त्याला नडले. बदलत्या चुंबकीय क्षेत्रातून विद्युतक्षेत्र जन्मते, हे प्रत्येक विद्यार्थी आज एका ओळीत लिहितो. त्या ओळीतल्या ‘बदलत्या’ या शब्दासाठी किती जणांनी किती वर्षे घालवली, हे वर्गात सांगितले तर तो एक शब्द विसरणे कठीण होईल.

फॅरडेच्या बलरेषांना गणित दिले मॅक्सवेलने. 1857 मध्ये फॅरडेने त्याला पत्र लिहून विचारले होते की गणितज्ञांना आपले निष्कर्ष सूत्रांइतक्याच नेमकेपणाने साध्या भाषेतही मांडता येणार नाहीत का. फॅरडे तेव्हा 66 वर्षांचा, मॅक्सवेल 26 वर्षांचा. ही मागणी आजही विद्यार्थ्याने करावी अशी आहे. ज्या समीकरणाचा अर्थ साध्या मराठीत सांगता येत नाही ते आपल्याला समजलेले नाही, असे मी मानतो.

मधल्या जागेत काही आहे याचा महाराष्ट्रातला पुरावा अलिबागला उभा आहे. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत 1841 पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची मोजमापे होत होती. मग शहरात विजेच्या ट्राम येणार असे ठरले. ट्रामच्या प्रवाहामुळे आसपास जे चुंबकीय क्षेत्र तयार होणार, त्याने या नाजूक नोंदी बिघडल्या असत्या. तेव्हाचे संचालक नानाभाई मूस यांनी खाडीपलीकडे अलिबागला नवी वेधशाळा उभारली, तीही चुंबकीय गुण नसलेले साहित्य निवडून. 1904 ते 1906 अशी दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुनी मालिका नव्या मालिकेला जोडता यावी. 1907 मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावली. डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टीसाठी एक संस्था हलवावी लागली. मुंबई-पुण्याच्या विद्यार्थ्यांना याहून जवळचे उदाहरण मिळणार नाही, आणि आपल्या अभ्यासक्रमात ते येत नाही याची मला खंत वाटते.

क्षेत्र खरे मानले की पुस्तकातल्या चुटपुटत्या ओळी बोलू लागतात. कपॅसिटरमधली ऊर्जा प्रभार आणि विभवांतरावरून काढा. मग प्लेटांमधल्या विद्युतक्षेत्रावरून, मधल्या आकारमानाने गुणून काढा. उत्तर एकच येते. पुस्तक तिथे थांबत नाही, पण विद्यार्थ्याने थांबावे. तांब्याच्या तारेत इलेक्ट्रॉन सेकंदाला मिलिमीटरभरही पुढे सरकत नाहीत, तरी बटण दाबताच दिवा लागतो. कारण ऊर्जा तारेभोवतीच्या जागेतून जाते, हे पॉइंटिंगने 1884 मध्ये दाखवले. आणि निर्वाताचे दोन स्थिरांक, एक विजेच्या आणि एक चुंबकाच्या प्रयोगातून आलेला, कॅल्क्युलेटरवर गुणून वर्गमूळ काढून व्यस्त केले की प्रकाशाचा वेग मिळतो. या मोजमापांत कुठेही दिवा नव्हता. हे ज्याने स्वतः एकदा करून पाहिले त्याला मॅक्सवेल पाठ करावा लागत नाही.

या विषयाचे शिखर इथे आहे, आणि आपल्याकडे ते सत्राच्या शेवटच्या आठवड्यात, सबमिशनच्या गडबडीत उरकले जाते. शिक्षकांना माझी विनंती आहे: कपॅसिटरच्या जोडण्यांची निम्मी न्यूमेरिकल्स वगळा आणि वाचलेले तास मॅक्सवेलला द्या.