उंदराचा अपराध

अमेरिकेत मोटारीमागे जोडून नेण्याची फिरती घरे बहुधा हिवाळाभर बंद असतात. त्या अवधीत छपरावरील वातानुकूलन यंत्राच्या झाकणाखाली उंदीर घरटे करतो व तारांवरील वेष्टन कुरतडतो. उन्हाळ्यात कळ दाबावी तर यंत्र मुके! मालक संतापून उंदरास चोर ठरवितो आणि विष मांडतो. परंतु चोरीस परक्याच्या मालकीची जाणीव लागते. ज्याचे पुढचे दात जन्मभर वाढत असतात, त्याने कुरतडू नये तर काय करावे?

मग नुकसान सोसावे काय? मुळीच नाही. १९९३ साली त्या देशाच्या नैर्ऋत्य भागात रानउंदरांपासून जडलेल्या हंताविषाणूने माणसे दगावली. तेव्हा उंदरास बाहेर ठेवण्याचा हक्क आम्हांस निर्विवाद वाटतो. मात्र तो हक्क संरक्षणाचा, दंडाचा नव्हे. पाव इंचाच्या भोकातूनही उंदीर शिरतो. अशी भोके पोलादी जाळीने बुजवावी, फार तर सापळा लावावा. विषाची गोष्ट निराळी. रक्त गोठू न देणारे विष खाल्लेला उंदीर घुबडाच्या पोटात जातो, आणि ज्याने तारेस चोचही लावली नाही ते पाखरू मरते. कॅलिफोर्नियाने अशा जहाल विषांवर १ जानेवारी २०२१ पासून कायद्याने निर्बंध घातले. ते घुबडासारख्या शिकारी प्राण्यांसाठी. उंदराची वकिली तेथेही कोणी केली नाही.