कांचीची टीका, चिनी प्रत

चेन्नईच्या अडयार ग्रंथालयाने १९४२ साली बौद्ध तत्त्वज्ञ दिङ्नागाची 'आलंबनपरीक्षा' धर्मपालाच्या टीकेसह छापली. एन. अय्यास्वामी शास्त्री यांनी ती तिबेटी आणि चिनी अनुवादांवरून पुन्हा संस्कृतात रचली होती, कारण मूळ संस्कृत पोथी हाती उरली नव्हती. ह्युएन त्संगाच्या वृत्तांतानुसार धर्मपाल कांचीपुरमचा, पुढे नालंदेचा आचार्य. त्याची ही टीका टिकली ती केवळ नालंदेत शिकलेल्या चिनी भिक्षू इत्सिंगने केलेल्या चिनी भाषांतरात. चेन्नईहून सकाळी निघून दुपारी परत येता येईल अशा गावच्या माणसाचा ग्रंथ हजारावर वर्षांनी मायदेशी आला, तो चीनमार्गे. पुण्यात पु. वि. बापटांनी १९३७ साली 'विमुत्तिमग्ग' या बौद्ध ग्रंथाचा अभ्यास प्रसिद्ध केला, तोही चिनी अनुवादाच्याच आधारावर. मग अशा ग्रंथाचा मालक कोण? लिहिणारा, नेणारा, जपणारा की छापणारा? माझे उत्तर असे की मालक कोणीच नाही, सगळे ऋणको आहेत. आपल्या परंपरेने ज्ञानाला ऋषिऋणात बसवले, आणि या ऋणाची गंमत म्हणजे ते ऋषीला फेडायचेच नसते, पुढच्या विद्यार्थ्याला फेडायचे असते.

चीनविषयक संशोधनाची आजची नियतकालिके या कसोटीवर तपासून पाहावीत. ऑगस्ट २०१७ मध्ये केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेसने चिनी यंत्रणेच्या सांगण्यावरून 'द चायना क्वार्टर्ली'तले तीनशेहून अधिक लेख चीनमधल्या वाचकांसाठी बंद केले. त्यांत तिआनानमेन, तिबेट, सांस्कृतिक क्रांती असे विषय होते. जगभरच्या अभ्यासकांनी आवाज उठवल्यावर काही दिवसांतच ते पुन्हा खुले झाले. सगळे खुले ठेवण्यावरचा पहिला आक्षेप म्हणजे प्रकाशकाचा बचाव, आणि तो अगदीच पोकळ नव्हता: थोडे झाकले तर बाकीचे सगळे तिथल्या विद्यार्थ्यापर्यंत पोचते, अडून बसलो तर काहीच पोचणार नाही. पण यात हिशेबाची चूक आहे. सगळेच बंद असले तर वाचकाला निदान दार बंद असल्याचे कळते. निवडून लेख काढून टाकलेल्या अंकात मात्र उरलेले तेवढेच पूर्ण वाटते. दिङ्नागाच्या मते जाणिवेचा विषय ठरायला दोन अटी आहेत: त्याने जाणीव उत्पन्न करावी आणि जाणिवेत त्याचा आकार उमटावा. झाकलेला लेख दोन्ही अटींत नापास, आणि आपण काही गमावले याचा वाचकाला पत्ताच नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो मला अधिक वजनदार वाटतो. लेख तपासून घेणे, चिनी लिपीतली अवतरणे बिनचूक छापणे, जुने अंक सांभाळणे, यांतले काहीच फुकट होत नाही. मान्य. पण परीक्षक बहुधा विनामोबदला काम करतात, लेखकाला मानधन नसते, आणि तरीही कुलूप लागते ते त्यांच्याच श्रमावर. खर्च वसूल करणे वेगळे आणि मालकी सांगणे वेगळे.

तिसरा आक्षेप रोकडा आहे. एप्रिल २०२३ पासून चीनच्या सीएनकेआय या विदागाराने परदेशी संस्थांना प्रबंध, परिषदांतले निबंध, सांख्यिकी वार्षिके देणे आखडले. ते दार लावत असताना आपण उघडे का ठेवावे? देवाणघेवाणीच्या न्यायाने प्रश्न बरोबर आहे, पण ऋणाच्या न्यायाने नाही. इत्सिंगने नालंदेहून नेलेल्या ग्रंथांच्या बदल्यात नालंदेला काय मिळाले, हे अडयारला विचारावे लागले नाही. आणि आपलेही दार कुठे सताड उघडे आहे? 'वन नेशन वन सब्स्क्रिप्शन' ही केंद्र सरकारची नियतकालिक-वर्गणीची योजना २०२५ पासून सुरू झाली, तीन वर्षांसाठी सुमारे सहा हजार कोटी रुपये, तेरा हजारांच्या आसपास नियतकालिके. पण ती सोय सरकारी संस्थांपुरती. चेन्नईत आयआयटीतल्या विद्यार्थ्याला जो लेख एका टिचकीसरशी उघडतो, तोच लेख स्वतंत्रपणे चीनचा अभ्यास करणाऱ्या निवृत्त अधिकाऱ्याला विकत घ्यावा लागतो, आणि सार्वजनिक पैशाने घेतलेल्या वर्गणीबाबत हा भेद कशाच्या आधारावर करायचा, याचे उत्तर योजनेने द्यायला हवे.