निर्दोष सुटायलाही खटला लागतो

माणूस बेपत्ता होतो. मृतदेह सापडत नाही आणि सगळ्यांच्या मनात एकच नाव असतं. त्या नावाच्या माणसाशी आपण, म्हणजे पोलीस किंवा न्यायाधीश नसलेल्यांनी, कसं वागायचं? ‘गुन्हा सिद्ध होईपर्यंत निर्दोष’ हे उत्तर आपल्याला तोंडपाठ असतं. पण तो लगाम सरकारला घातलेला आहे, कारण तुरुंग आणि फाशीचा दोर सरकारच्या हातात असतो. मनात काय धरावं, कुणाकडे पाठ फिरवावी, यावर कायद्याची सत्ता चालत नाही. तिथे आपले आपणच असतो.

सिडनीच्या किंग्ज क्रॉस भागातलं जुआनिता नील्सन प्रकरण या प्रश्नाचा कस पाहतं. नील्सन ‘नाऊ’ नावाचं छोटं स्थानिक वृत्तपत्र चालवत असे. व्हिक्टोरिया स्ट्रीटवरची जुनी घरं पाडून फ्रँक थीमन या बिल्डरला टॉवर उभारायचे होते, आणि ती त्याच्या विरोधात उभी होती. 4 जुलै 1975 रोजी सकाळी ती जाहिरातीच्या कामासाठी कॅरोसेल या नाइटक्लबमध्ये गेली. त्यानंतर ती दिसली नाही. क्लब जेम्स अँडरसन चालवत असे. त्यामागचा मालक म्हणून ॲबे सॅफ्रनचं नाव घेतलं जाई. तिच्या अपहरणाचा कट केल्याबद्दल पुढे क्लबशी संबंधित दोघांना शिक्षा झाली. खुनाचा आरोप मात्र कुणावरच ठेवला गेला नाही. अँडरसनवर नाही, सॅफ्रनवर नाही, थीमनवरही नाही. आज तिघेही हयात नाहीत.

‘चोर सोडून संन्याशाला फाशी’ असं आपण म्हणतो. इथली पंचाईत वेगळी आहे: नाइटक्लबचा मालक मुळात संन्यासी नसतो. रोकडीचा धंदा, रात्रीची वेळ, हप्ते. एवढ्यावरच तो निम्मा गुन्हेगार ठरतो आणि उरलेला निम्मा पुरावा शोधायचा कंटाळा येतो. संशय त्याच्या दारात जाऊन बसला, की रस्त्यापलीकडच्या इस्त्रीच्या कपड्यांतल्या माणसांना कुणी फारसं काही विचारत नाही. मला यातली खरी अनीती इथे दिसते. संशय घेण्यात पाप नाही, पण सोयीच्या जागी तो थांबवणं हा आळस आहे, आणि त्याचा फायदा नेमका कुणाला होतो ते पाहिलं पाहिजे.

संशयिताची बाजूही आहेच. निर्दोष सुटायलाही खटला लागतो. खटलाच झाला नाही तर कलंक पुसायची सोय नाही. सॅफ्रनने आयुष्यभर वृत्तपत्रांशी झगडा केला. एकदा तर शब्दकोड्यातल्या एका सूचकाचं उत्तर म्हणून आपलं नाव आलं, यावरून त्याने दावा लावला! हसू येतं खरं, पण प्रत्येक ठिकाणी आपल्या नावाआधी प्रश्नचिन्ह पोचलेलं असणं गमतीचं नसावं.

मृतदेहाशिवाय खून सिद्ध होतच नाही, असंही नाही. वेल्समधल्या एका शेतावर दोन पोलिश भागीदार होते. त्यातला स्टानिस्लाव सिकुट 1953 च्या अखेरीस नाहीसा झाला. भागीदारी मोडायची बोलणी चालू होती. दुसऱ्या भागीदाराने सांगितलेल्या हकिगती जुळेनात, आणि केवळ परिस्थितीजन्य पुराव्यावर तो दोषी ठरला. 1955 मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल कायम केला. याच्या उलट 1660 चं कॅम्पडेन प्रकरण. विल्यम हॅरिसन नाहीसा झाला म्हणून त्याचा नोकर, नोकराची आई आणि भाऊ अशा तिघांना फासावर चढवलं, आणि 1662 मध्ये हॅरिसन चालत घरी परतला. दोन्ही ठिकाणी गावाची खात्री सारखीच पक्की असणार. खात्रीच्या जोरावरून काहीच ठरत नाही.

म्हणून मला शेजाऱ्याचा संशय मान्य आहे, पण एका अटीवर: तो माणसावर चिकटवू नये, चौकशीवर रोखावा. तपास कुठे अडला, कुणी अडवला, कागद कुठे गेले, हे विचारत राहायला पुरावा लागत नाही. नील्सनच्या मृत्यूची 1983 मध्ये चौकशी झाली. ती मरण पावली असं ज्यूरींनी मानलं, पण कशी, कुणाच्या हातून, हे सांगायला पुरावा पुरला नाही. त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली: भ्रष्टाचाराच्या वातावरणामुळे पोलीस तपासाला खीळ बसली, मग तो भ्रष्टाचार खरा असो वा काल्पनिक. ‘काल्पनिक’ हा शब्द मला पुन्हा पुन्हा थांबवतो. पोलीस विकले गेले आहेत एवढी नुसती समजूतसुद्धा साक्षीदाराचं तोंड बंद करायला पुरते. म्हणजे आपल्या संशयाचंही त्या प्रकरणात काहीतरी देणं लागतं.

2021 मध्ये पोलिसांनी दहा लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचं बक्षीस जाहीर केलं. त्यातली निम्मी रक्कम गुन्हेगार पकडून देण्यासाठी नाही, तर तिचे अवशेष कुठे आहेत ते सांगणाऱ्यासाठी आहे.